एका तबकडीवर मावणारें युनिक्स



संगणक ही वस्तु आतां वऱ्हाडांतील लहान गांवांतही नवी राहिलेली नाहीं. ग्रामपंचायतींत ती आहे, तलाठ्याच्या कचेरींत आहे, आणि पुष्कळ शाळांतही आहे. परंतु बंद पडलेला संगणक ही वस्तुही तितकीच परिचयाची झाली आहे. कोपऱ्यांत कापडाखालीं धूळ खात पडलेलें यंत्र ज्यानें पाहिलें नाहीं, असा शिक्षक आमच्या तिवसा तालुक्यांत शोधावाच लागेल. यंत्र कां बंद पडलें असें विचारावें, तर “त्यांतलें विंडोज गेलें” एवढेंच उत्तर मिळतें. मग तें मोटारींत घालून अमरावतीस न्यावयाचें, चार दिवस तेथें ठेवावयाचें, आणि परत आणून पाहावें तों आंतील जुनें काम सारें पुसून गेलेलें, हा क्रम आपणांपैकीं अनेकांच्या अनुभवाचा असेल.

आज मी ज्या गोष्टीची ओळख करून देणार आहें, ती अशाच प्रसंगीं उपयोगी पडणारी आहे. ती एक लहानशी तबकडी आहे; बोलण्यांत आपण तिला डिस्क म्हणतों. ती यंत्रांत घालून वीज चालू केली, म्हणजे यंत्राच्या पोटांतील बिघडलेल्या व्यवस्थेकडे ढुंकूनही न पाहतां ती यंत्रास जागें करते, आणि तारेच्या वाटेनें त्यास शेजारच्या यंत्राशीं बोलावयास लावते. ती विकत आणावी लागत नाहीं. घरीं घडवितां येते. आणि माझें सांगणें असें कीं, ती वापरण्यांत जी सोय आहे, तिच्याहून ती घडविण्यांत जें शिक्षण आहे तें अधिक मोलाचें आहे.

आमच्या तालुक्यांतील कौंडण्यपुराहून आषाढी वारीसाठीं पालखी पंढरपुरास जाते. पायीं चालणाऱ्या वारकऱ्याचें गाठोडें आपण पाहिलें असेल. एक जास्तीचें धोतर, एक तांब्या, अंथरावयास घोंगडी, थोडी शिदोरी. याहून अधिक कांहीं त्यांत सहसा नसतें. प्रत्येक वस्तु शेकडों मैल स्वतःच्या खांद्यावरून न्यावयाची असल्यामुळें तिनें आपला भार आपल्या उपयोगानें फेडलाच पाहिजे. पण त्यांतील तांब्या मात्र कोणी विसरून जात नाहीं. गाठोडें लहान असतें, तरी अपुरें नसतें. लहान तबकडी घडविणाराही हाच विचार करीत असतो. काय घ्यावें हें ठरविणें सोपें. काय टाकलें तरी चालेल, आणि काय टाकून मुळींच चालणार नाहीं, हें समजण्यास मात्र प्रत्येक वस्तूचें काम ठाऊक असावें लागतें.

या विद्येचा थोडा पूर्वेतिहास सांगणें अवश्य आहे. युनिक्स ही संगणकाची कार्यव्यवस्था अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन, डेनिस रिची व त्यांचे सहकारी यांनीं १९६९ सालापासून घडविली. एका हत्यारानें एकच काम करावें, पण तें नीट करावें, आणि अशीं अनेक हत्यारें एकापुढें एक जोडून मोठें काम साधावें, हें तिचें प्रसिद्ध तत्त्व. पुढें १९८३ सालीं रिचर्ड स्टॉलमन यांनीं त्याच धर्तीची, परंतु कोणासही मोकळेपणानें वापरतां, वाचतां व बदलतां येईल अशी व्यवस्था रचण्याचा संकल्प ‘ग्नू’ या नांवानें जाहीर केला. आणि १९९१ सालीं फिनलंडमधील हेलसिंकी येथें शिकत असलेल्या लिनस टोरवाल्ड्स यांनीं लिनक्स हा गाभा प्रसिद्ध केला. या दोहोंच्या संयोगानें सामान्य माणसाच्या यंत्रावर चालणारी, युनिक्सच्या वळणाची व्यवस्था जगास मिळाली.

आपल्या देशांत १९८६ सालीं अर्नेट नांवाचें शैक्षणिक जाळें उभारण्यास आरंभ झाला. त्यांत तेव्हांच्या पांचही आयआयटी, बंगलोरची विज्ञानसंस्था आणि मुंबईचें राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र यांचा समावेश होता. त्या जाळ्यावरून आरंभीं जीं पत्रें गेलीं, तीं यूयूसीपी या युनिक्सच्याच पद्धतीनें, टेलिफोनच्या तारेवरून. सामान्य ग्राहकांस इंटरनेट मिळूं लागलें तें १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमामार्फत. सांगण्याचा हेतु एवढाच कीं, युनिक्स आणि यंत्रायंत्रांतील संभाषण यांचा संबंध जुना आहे. म्हणून युनिक्सची लहान तबकडी करावयाची तर तिच्यांत जाळ्याचीं हत्यारें असावींत, ही अपेक्षा स्वाभाविकच होती.

त्या काळची तबकडी म्हणजे साडेतीन इंची फ्लॉपी. तिच्या दोन बाजू. प्रत्येक बाजूवर ८० वर्तुळें. प्रत्येक वर्तुळाचे १८ तुकडे. आणि प्रत्येक तुकड्यांत ५१२ बाइट. शाळेंतील गुणाकारानें पाहिलें तर एकूण १४,७४,५६० बाइट होतात. आज मोबाइलनें काढलेलें एक छायाचित्र बहुधा याहून मोठें असतें. एवढ्या जागेंत संपूर्ण चालतें युनिक्स बसविण्याची कांहीं कारागिरांस ईर्षा होती. टॉम ओसर यांनीं फ्लॉपीवर ८० ऐवजीं ८२ वर्तुळें व १८ ऐवजीं २१ तुकडे आंखून तिच्यांत १७,६३,३२८ बाइटांची जागा केली, आणि तींत लिनक्सचा गाभा, दुरुस्तीचीं हत्यारें व जाळ्याचीं साधनें भरलीं. फ्रीबीएसडी या युनिक्सच्या दुसऱ्या शाखेंतही ‘पिकोबीएसडी’ या नांवानें एका फ्लॉपीवर मावणारी व्यवस्था निघाली. तिच्या योगानें जुना, टाकाऊ समजलेला संगणक दोन जाळ्यांमधील वाटाड्याचें काम करूं शके.

फ्लॉपीचा काळ आतां संपला. सोनी कंपनीनें २०११ सालीं जपानांतील आपली फ्लॉपीची विक्री थांबविली. आज तिची जागा पेनड्राइव्हनें घेतली आहे, आणि १६ गिगाबाइटच्या साध्या पेनड्राइव्हवर तशा दहा हजारांहून अधिक फ्लॉपी मावतील. मग लहान तबकडीचा हट्ट कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचें एक उत्तर व्यवहाराचें आहे. लहान व्यवस्था यंत्राच्या मेमरींत सबंध उतरते. ती एकदां उतरली कीं पेनड्राइव्ह काढून दुसऱ्या यंत्रास लावतां येतो, आणि ज्या जुन्या यंत्रांत मेमरी थोडी आहे, तेंही तिनें चालतें. दुसरें उत्तर शिक्षणाचें आहे. जी व्यवस्था शेकडों फायलींची नसून पांच-पन्नास फायलींची आहे, तिच्यांतील प्रत्येक फाइल कशासाठीं आहे हें दहावीचा विद्यार्थीही बोट ठेवून सांगूं शकतो.

आतां ती घडवावयाची कशी तें पाहूं.

वीज चालू होतांच यंत्रास स्वतःचें असें फारच थोडें ठाऊक असतें. जुन्या धर्तीच्या यंत्रांत बायोस नांवाची एक लहान आज्ञावली कायमची कोरलेली असते. ती तबकडीचा अगदीं पहिला तुकडा, म्हणजे ५१२ बाइट, वाचते. त्याच्या शेवटीं ठराविक दोन बाइटांची खूण आढळली, म्हणजे पुढील सूत्रें त्या तुकड्यांतील आज्ञांच्या हातीं देते. ५१२ बाइट म्हणजे एका पोस्टकार्डावर मावेल एवढा मजकूर! त्या मजकुराचें काम एकच. पुढचा मोठा मजकूर कोठें आहे तें शोधून त्यास उचलून आणणें. नव्या यंत्रांत ही रीत बदलली आहे. त्यांतील यूईएफआय ही आज्ञावली तबकडीच्या ठराविक विभागांत, ठराविक नांवाची फाइल शोधते. तबकडी दोन्ही प्रकारच्या यंत्रांत चालावी अशी इच्छा असेल तर दोन्ही सोयी कराव्या लागतात.

अशा रीतीनें जें उचलून आणावयाचें, तो लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल. याचा मूळ मजकूर आज तीन कोटींहून अधिक ओळींचा आहे. परंतु आपणांस तो सगळा नको. गाभा तयार करण्यापूर्वीं हजारों प्रश्नांस होय किंवा नाहीं असें उत्तर देतां येतें. ‘टायनीकॉन्फिग’ नांवाची एक सोय अशी आहे कीं, ती शक्य त्या सर्व प्रश्नांस आधींच नाहीं म्हणून ठेवते. मग एकेक होय आपण विचारपूर्वक वाढवावयाचा. सर्वांत प्रथम गाभ्यास पडद्यावर बोलण्याची परवानगी द्यावी; ती न दिल्यास त्याचें काय दुखतें हें आपणांस कधींच कळणार नाहीं. नंतर कळफलक, नंतर हार्डडिस्क, नंतर आज्ञांची यादी ओळीनें वाचून पार पाडण्याची शक्ति, नंतर जाळ्याचे नियम आणि जाळ्याच्या कार्डाचा ड्रायव्हर. प्रत्येक होय म्हणतांना गाभा किती फुगला हें पाहावें. वर्गांत ही मोजदाद फळ्यावर मांडली तर मुलें जमाखर्चाच्या वहीसारखी ती आवडीनें पाहतात.

गाभा जागा झाला तरी तो एकटा निरुपयोगी आहे. त्यास एक लहानसें घर लागतें, आणि त्या घरांत पहिला कामकरी लागतो. हें घर म्हणजे फायलींची एक दाबून बांधलेली मोट असून गाभा ती मेमरींत सोडतो. पहिल्या कामकऱ्यास ‘इनिट’ म्हणतात आणि त्याचा अनुक्रमांक नेहमीं १ असतो. बाकीचे सारे त्याच्यामागून जन्मास येतात. तो काम संपवून निघून गेला, तर गाभा धोक्याची सूचना देऊन सारा व्यवहार तेथल्या तेथें थांबवितो. आपला इनिट दहा-बारा ओळींचा असला तरी पुरे. त्यानें यंत्राच्या भागांची माहिती देणाऱ्या जागा उघडाव्या, जाळ्याचें कार्ड चालू करावें, आणि शेवटीं आज्ञा ऐकणारी शेल माणसापुढें उभी करावी.

राहिलीं हत्यारें. युनिक्सचें प्रत्येक हत्यार ही वेगळी फाइल असते, आणि अशा शेंदोनशें फायली लहान तबकडींत मावावयाच्या कशा? ही अडचण ब्रूस पेरेन्स यांनीं १९९०च्या दशकाच्या मध्यास सोडविली. डेबियन या लिनक्स-संचाच्या फ्लॉपीसाठीं त्यांनीं बिझीबॉक्स नांवाची आज्ञावली रचली. आपल्याकडील बहुरूपी जसा आज फौजदार, उद्यां वैद्य, परवां साधु होऊन दारीं येतो, पण माणूस एकच असतो, तसा हा प्रकार आहे. फाइल एकच, तिला ज्या नांवानें हांक मारावी, त्या नांवाचें काम ती करते. यादी दाखवा म्हटलें तर यादी दाखवील, नक्कल करा म्हटलें तर नक्कल करील, जाळ्यावरून फाइल आणा म्हटलें तर तीही आणील. शेंकडों हत्यारांचा हा बहुरूपी एक-दोन मेगाबाइटांत बसतो.

येथें नवशिक्या मुलांस हटकून चकविणारी एक गोष्ट सांगतों. साधारणतः आज्ञावल्या आपलें पुष्कळसें काम लायब्ररी नांवाच्या सामाईक फायलींकडून करवून घेतात. एखादें हत्यार तबकडीवर नेलें, पण त्याच्या लायब्ररी नेल्या नाहींत, तर यंत्र “अशी फाइल नाहीं” असें म्हणतें. आणि फाइल तर डोळ्यांसमोर दिसत असते! हरवलेली असते ती त्या हत्याराची सोबतीण. म्हणून लहान तबकडीवरील हत्यार असें बांधावें कीं, त्यास लागणारें सारें त्याच्याच पोटांत असेल. या रीतीस स्टॅटिक बांधणी म्हणतात. प्रत्यक्ष यंत्रावर नेण्यापूर्वीं ‘क्यूएमू’ या आज्ञावलींत, म्हणजे संगणकाच्या आंत उभ्या केलेल्या काल्पनिक संगणकांत, सारी तालीम करून घ्यावी. त्यांत वीस वेळां बिघाड झाला तरी कोणाचें नुकसान होत नाहीं.

आतां जाळ्याकडे वळूं. जागें झालेलें पण एकाकी यंत्र म्हणजे दोर नसलेली विहीर होय. पाणी आहे, पण वर येत नाहीं. जाळ्यासाठीं चार गोष्टी लागतात. कार्डाचा ड्रायव्हर, यंत्राचा पत्ता, बाहेर जाण्याची वाट, आणि नांवावरून पत्ता सांगणारा कोणीतरी. या चारही नीट झाल्या कीं नाहीं हें तपासण्याचें हत्यार म्हणजे पिंग. माइक मूस या अमेरिकन संशोधकानें डिसेंबर १९८३ मध्यें तें लिहिलें, आणि पाणबुडींतील सोनार यंत्राच्या आवाजावरून त्याचें नांव ठेविलें. आडांत खडा टाकून पाण्याचा आवाज येतो कीं नाहीं तें आपण ऐकतों, तसेंच हें आहे. प्रथम यंत्रानें स्वतःसच हांक मारावी. मग तारेच्या दुसऱ्या टोकाच्या शेजाऱ्यास. मग बाहेरच्या एखाद्या यंत्रास त्याच्या आंकड्यांनीं. आणि सर्वांत शेवटीं नांवानें. आंकड्यांनीं उत्तर येतें आणि नांवानें येत नाहीं, तर तार ठीक आहे, पत्ते सांगणारा मात्र जाग्यावर नाहीं, असा निर्णय घरबसल्या होतो. “नेट नाहीं” या दोन शब्दांत आपण ज्या चार निरनिराळ्या व्याधि एकत्र बांधतों, त्या अशा सुट्या होतात. फाइल आणण्यास डब्ल्यूगेट, दोन यंत्रांमध्यें सरळ नळ जोडावा तसा मजकूर ओतण्यास नेटकॅट, आणि परक्याच्या नजरेपासून झांकून बोलण्यास ड्रॉपबेअर नांवाचा लहान एसएसएच, एवढीं साधनें जवळ असलीं म्हणजे बहुतेक प्रसंग निभावतात.

या साऱ्याचा उपयोग काय, तें एका उदाहरणानें सांगतों. माझ्या माहितींतील एका शाळेची जुनी दाखल-खारीज नोंदवही वाळवीनें खाल्ली होती. ती अगदींच नष्ट होण्यापूर्वीं तेथील शिक्षकांनीं व मुलांनीं दोन उन्हाळे बसून तींतील शाबूत पानें संगणकावर उतरून ठेविलीं होतीं. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नांवाची वेगळी फाइल, नांवें सारीं मराठींत. ज्यांच्या घरीं जुना कागद राहिलेला नाहीं, त्यांस आजोबांच्या शाळेच्या नोंदीचें महत्त्व जातपडताळणीच्या वेळीं केवढें असतें, हें ग्रामीण भागांतील श्रोत्यांस सांगावयास नको. एके दिवशीं तें यंत्र सुरू होईना. दुरुस्तीस आलेला गृहस्थ म्हणाला, “नवें विंडोज टाकून देतों, पण जुनें सर्व पुसावें लागेल.” यंत्रावरील कामाची दुसरी प्रत नव्हती. हेडमास्तरांनीं पुसूं दिलें नाहीं, हें त्यांचें शहाणपण. यंत्र कापडाखालीं गेलें.

त्या शाळेंतून बाहेर पडलेले दोन विद्यार्थी अमरावतीस शिकत होते. त्यांनीं सुटींत वर सांगितलेल्या रीतीनें तबकडी घडविली. पहिल्या दिवशीं यंत्र जागें झालें, शेल उभी राहिली, पण जाळ्याच्या कार्डाचें नांवच यादींत दिसेना. त्या कार्डाचा ड्रायव्हर गाभ्यांत नव्हता. मुलांनीं कार्डाचा ओळखक्रमांक उतरून घेतला, त्यास लागणारा एक होय गाभ्यांत वाढविला आणि दुसऱ्या दिवशीं परत आलीं. हार्डडिस्क विंडोजच्या एनटीएफएस या मांडणीची होती. ती वाचणारा भाग लिनक्सच्या गाभ्यांतच मिळतो. मुलांनीं ती केवळ वाचण्यापुरती उघडली, म्हणजे चुकूनही तिच्यावर कांहीं लिहिलें जाऊं नये. मग यंत्राच्या व एका लॅपटॉपच्या मध्यें तार लावून दोघांस शेजारशेजारचे पत्ते दिले. पिंगचें उत्तर आलें तेव्हां खोलींत टाळ्या पडल्या.

पण फायलींची यादी पडद्यावर आली आणि सर्वांचे चेहरे उतरले. नांवांच्या जागीं नुसत्या चौकटी व चिन्हें! हेडमास्तरांस वाटलें, मराठी सारें गेलें. तसें नव्हतें. लिनक्सचा साधा अक्षरपडदा फार तर ५१२ अक्षरचित्रें जवळ बाळगूं शकतो, आणि काना, मात्रा, वेलांटी व जोडाक्षर जुळविण्याची कला त्यास येतच नाहीं. त्यास वाचतां येत नाहीं म्हणून मजकूर नष्ट होत नाहीं. यूटीएफ-८ या पद्धतींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत लिहिलें जातें. ‘तिवसा’ या नांवास पांच चिन्हांचे पंधरा बाइट लागतात. हे पंधरा बाइट जसेच्या तसे पलीकडे गेले म्हणजे झालें. मात्र हार्डडिस्क उघडतांना नांवें यूटीएफ-८ मध्यें द्यावीं अशी सूचना गाभ्यास करावी लागते. ती केली नाहीं तर नांवें वाटेंतच बिघडतात. मुलांनीं ती सूचना केली होती. फायली तारेवरून लॅपटॉपवर गेल्या, तेथें यादी उघडली, आणि सर्व नांवें काना-मात्रेसह उमटलीं. जुन्या पिढींतील कित्येक नांवें हेडमास्तरांनीं मोठ्यानें वाचून दाखविलीं. तबकडीस त्यांतील एकही अक्षर वाचतां येत नव्हतें. परंतु तिनें एकही गाळलें नाहीं.

या उदाहरणाबरोबर दोन इशारे देणें माझें कर्तव्य आहे. पहिला असा कीं, सर्वच बिघाडांस हा उपाय नाहीं. हार्डडिस्कच घरघर करूं लागली असेल, तर तिच्याशीं खेळत बसूं नये. जितकें निघेल तितकें लवकर काढून घ्यावें, आणि फार मोलाचें असेल तर जाणत्याच्या हातीं द्यावें. दुसरा इशारा अधिक महत्त्वाचा आहे. जी तबकडी शाळेची नोंद सोडविते, तीच परक्याच्या हातीं आपलें कपाट उघडते. विंडोजचा सांकेतिक शब्द विंडोज जागें असेपर्यंतच पहारा करतो. दुसऱ्या तबकडीनें यंत्र उठविलें म्हणजे तो पहारेकरी झोंपलेलाच राहतो. म्हणून ज्या यंत्रांत लोकांची खाजगी माहिती आहे, त्याची हार्डडिस्क गुप्तलेखनानें बंद करून ठेवावी, आणि तिची किल्ली दोन जबाबदार व्यक्तींपाशीं असावी. तसेंच आपल्या तबकडीवर टेलनेट हें जुनें हत्यार उघडें ठेवूं नये, कारण त्यांतून सांकेतिक शब्दही उघडाच तारेवरून जातो. दुसऱ्याचें यंत्र त्याच्या अनुमतीवांचून उठवूं नये, हें तर मुलांस पहिल्याच तासाला सांगावें.

कोणी म्हणेल, टायनीकोअरसारख्या अगदीं लहान व्यवस्था तयार मिळतात. मग स्वतः घडविण्याचा खटाटोप कशाला? प्रसंग निकडीचा असेल तर तयार तबकडी अवश्य वापरावी. परंतु वरील उदाहरणांत पहिल्या दिवशीं कार्ड दिसलें नाहीं, तेव्हां मुलें हातावर हात ठेवून बसलीं नाहींत; कारण ड्रायव्हर कोठें असतो, तो कसा वाढवावयाचा आणि सूचना कोणास द्यावयाची, हें सारें त्यांच्या हातांखालून गेलें होतें. तयार वस्तु चालते तोंपर्यंत ती आपली असते. ती अडली कीं, ती घडविणाराकडे धांव घ्यावी लागते. शेतांत तिफण अडली तर कास्तकार सुतार येईपर्यंत पेरणी थांबवीत नाहीं. निदान पाचर ठोकणें त्यास येतेंच. संगणकाच्या बाबतींत ही पाचर ठोकण्याइतकी विद्या खेड्यांत असावी, एवढेंच माझें मागणें आहे.

या विद्येची एक उणीव मात्र मोकळेपणानें सांगितली पाहिजे. आज्ञा इंग्रजींत, सूचना इंग्रजींत, आणि पडदा तर आपली लिपि जुळवूंही शकत नाहीं. मराठी शाळेंतील मुलास ही पहिली पायरी उंच वाटते. परंतु आज्ञा थोड्या आहेत. सुरुवातीस वीस शब्द आले तर पुरतात, आणि पावकी-निमकी पाठ करणाऱ्या समाजास वीस शब्द जड नाहींत. मुंबईच्या आयआयटीनें चालविलेल्या स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमांत लिनक्सचे पाठ मराठी निवेदनासह मिळतात. ते एकदां उतरून घेतले म्हणजे जाळें नसतांनाही वर्गांत दाखवितां येतात.

माझी सूचना अशी कीं, प्रत्येक माध्यमिक शाळेनें आपल्या टाकाऊ यंत्रांपैकीं एक यंत्र मुलांच्या स्वाधीन करावें. त्यावर बिघडवून शिकण्याची मोकळीक असावी. वर्षभरांत आठवी-नववीच्या पांच मुलांनीं व मुलींनीं मिळून एक तबकडी घडवावी, तिच्यांत कोणती वस्तु कां ठेविली हें एका वहींत मराठींत लिहावें, आणि ती वही व तबकडी पुढच्या वर्षीच्या मुलांच्या हवालीं करावी. तबकडी जुनी होईल. नवीं कार्डें येतील, नवे ड्रायव्हर लागतील. पण वही वाचून तबकडी पुन्हां घडविणारीं मुलें गांवांत असलीं, म्हणजे कापडाखालच्या यंत्रांची संख्या वाढणार नाहीं, आणि वाळवीनें खाल्लेल्या वहींतील नांवें एकदां यंत्रांत शिरलीं म्हणून पुन्हां हरवणार नाहींत.